ब्लॉगवरची ओवी कुणाच्या नावावर टाकायची?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी मराठीत पीएचडी करतेय, विषय जात्यावरच्या ओव्या. एका प्राथमिक शिक्षकांनी त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या ब्लॉगवर टाकल्यात, कुठल्याच पुस्तकात नाहीत त्या, त्यातल्या १२ मी तिसऱ्या प्रकरणात घेतल्या. गाईड सर म्हणतात ब्लॉग हा काय रेफरन्स असतो का, यादीतून काढा आणि ओवीखाली नुसतं 'पारंपरिक' लिहा. काय करू?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर: ब्लॉगचं नाव काढू नका. 'पारंपरिक' असं लिहिलं की एका शब्दात दोन माणसं गायब होतात, एक ती आजी आणि दुसरे ते मास्तर ज्यांनी तिच्याजवळ बसून सगळं उतरवून घेतलं, टाईप केलं. ओवी परंपरेतली आहे हे खरंच, पण तुमच्यापर्यंत ती परंपरेनं थोडीच आणून दिली, मास्तरांच्या ब्लॉगनं दिली ना.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, ते आधी समजून घ्या म्हणजे त्यांच्याशी नीट बोलता येईल. ओवीचा छंद कसा असतो, तिचा इतिहास काय, हे तुम्ही कुणाच्या तरी ब्लॉगवरून उचललं असेल तर सर टोकणारच, त्यासाठी ग्रंथ आहेत, लायब्ररीत जा. पण इथं ब्लॉग हा तुमचा पुरावा नाहीये, तो तुमचा अभ्यासाचा माल आहे, एखाद्याला घराच्या माळ्यावर जुनी वही सापडावी तसा. त्या वहीचा पत्ता प्रबंधात द्यावाच लागतो, नाहीतर परीक्षकानं ती ओवी तपासायची कुठं?

आणि आपल्याकडे याचं फार चांगलं उदाहरण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या २०१७ पासून 'पारी'च्या म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साईटवर येतायत. तिथं एखादी ओवी उघडून बघा, गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं दिलेलं असतं. दळता दळता गाणाऱ्या बाईला तिथं नावानिशी मान आहे, मग आपल्या प्रबंधात तिला 'पारंपरिक' का म्हणायचं, मला हे खरंच सहन होत नाही.

सरांना अजून एक सांगा. यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, त्यात दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे शिक्षेच्या पायऱ्या लागतात आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर पीएचडीचं रजिस्ट्रेशनच रद्द. पण रीतसर श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर त्या मोजणीतून वगळतात. म्हणजे ब्लॉगचं नाव दिलं तर तुम्ही सुरक्षित, आणि मजकूर ठेवून नाव काढलं तर तीच चोरी.

आता लिहायचं कसं. एपीए म्हणजे संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत, तिच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे मास्तरांचं आडनाव, नाव, मग वर्ष महिना तारीख पूर्ण, पोस्टचं शीर्षक साध्या अक्षरात, ब्लॉगचं नाव तिरप्या अक्षरात, शेवटी लिंक. लिंक त्या पोस्टची द्या हं, ब्लॉगच्या पहिल्या पानाची नको. ते टोपणनावानं लिहीत असतील तर तेच टोपणनाव द्या, खरं नाव शोधून छापू नका. आजीचं नाव यादीत येणार नाही, तिला प्रकरणात ओवीच्या आधीच्या वाक्यात घ्या, आणि त्याआधी मास्तरांना एक मेल टाकून विचारा, बहुतेक त्यांना आनंदच होईल.

आणि आज रात्रीच एक काम करा. वेबॅक मशीन म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साईट, तिच्यावर जाऊन 'सेव्ह पेज नाऊ'च्या चौकटीत त्या १२ ओव्यांच्या पोस्टच्या लिंका एकेक करून टाका. जी नवी लिंक मिळेल तिच्यात सेव्ह केल्याची तारीख आणि वेळ आकड्यांत असते, ती मूळ लिंकसोबत जपून ठेवा. मागं एका विद्यार्थिनीची संदर्भयादी तपासायला बसले, पहिलीच लिंक उघडली तर 'हा ब्लॉग काढून टाकण्यात आला आहे', आणि तिचं अख्खं एक प्रकरण त्या ब्लॉगवर उभं होतं, कॉपी कुठंच नव्हती, ती पोर माझ्यासमोर रडायला लागली. लोक जिथं लिहायचे त्या साईटीही बंद पडतात, जिओसिटीज २००९ ला गेलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ ला, आपल्या लोकांनी तिथं किती लिहिलं होतं.

प्रश्न: आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज प्रबंधात घेता येतात का? स्क्रीनशॉट आहेत.
– एक संशोधक, नाशिक

उत्तर: ग्रुपमध्ये तुम्ही सदस्य म्हणून आहात, संशोधक म्हणून नाही, हे आधी लक्षात घ्या. ज्यांचा मेसेज घ्यायचाय त्यांची परवानगी घ्या, लेखी असेल तर उत्तम, आणि स्क्रीनशॉटमधले नाव, नंबर, डीपी झाकूनच छापा. वाचकाला तो ग्रुप उघडता येत नाही म्हणून एपीएत असा मेसेज यादीत जात नाही, तो वैयक्तिक संवाद धरतात आणि मजकुरातच तारखेसकट नोंदवतात. कर्जाबद्दल किंवा घरच्या दुःखाबद्दल कुणी लिहिलं असेल तर शब्द जसेच्या तसे घेऊ नका, गावात माणूस बोलण्यावरून ओळखू येतो.

प्रश्न: ट्विटरवरच्या पोस्टला शीर्षक नसतं, मग यादीत काय लिहायचं? आणि आता ट्विटर म्हणायचं की एक्स?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: पोस्टचे पहिले २० शब्द हेच शीर्षक, तिरप्या अक्षरात, लिहिणाऱ्याच्या स्पेलिंगच्या चुकांसकट. नावापुढे चौकोनी कंसात हँडल म्हणजे @ लावून असलेलं खात्याचं नाव टाका, कारण एकाच नावाची दहा खाती असतात. नाव बदललं जुलै २०२३ मध्ये, त्यामुळे जुन्या पोस्टला ट्विटर आणि नंतरच्यांना एक्स लिहायचं की सगळीकडे एकच, हे गाईडशी बोलून ठरवा, फक्त पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच ठेवा.