होम थिएटर: स्पीकर ठेवायचे कुठे?

पत्रं वेगवेगळी, तक्रार एकच. सेट महागाचा आणला, तरी संवाद कळत नाहीत आणि आवाज भलतीकडूनच येतो. त्यातले काही प्रश्न घेतो.

पुढचे दोन स्पीकर टीव्हीला चिकटून ठेवले तर चालतील?

नाही. बसल्या जागेवरून टीव्हीच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर हवेत. नऊ फुटांवर बसत असाल, तर त्या दोघांत साडेसात ते दहा फूट अंतर ठेवा.

मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आहे. संवाद घुमतात.

कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड कानांच्या दिशेने थोडं वर करा.

नवीन फ्लॅट, ५.१ सेट (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर). इलेक्ट्रिशियनने मागच्या दोन स्पीकरचे पाइप छताजवळच्या कोपऱ्यांत काढले आहेत. पुढच्या आठवड्यात पीओपी आहे. चालेल ना?

चालणार नाही. काम आजच थांबवा. स्पीकरची जागा तुमच्या कानांवरून ठरवायची असते. इथे ती ठरते पाइप कुठून सोपा जातो त्यावरून, आणि घरमालक विचारतो ते रंग वाळल्यावर! टीव्हीकडे शून्य अंश धरा, ५.१मधले मागचे दोन ११० ते १२० अंशांवर येतात, म्हणजे कानांच्या रेषेत, किंचित मागे. उंची बसल्यावर कानाइतकी, फार तर फूट-दोन फूट वर. ‘छतातून आवाज येतो तोच खरा थिएटर इफेक्ट’ ही ऐकीव गोष्ट आहे. छतातले स्पीकर ॲटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या पद्धतीसाठी असतात, ते या दोघांची जागा घेत नाहीत.

एका घरी पावसाचा प्रसंग लावला, तर सगळा पाऊस मागच्या कोपऱ्यात गोळा झालेला. स्पीकर उतरवून सोफ्याशेजारी स्टुलांवर ठेवले. तोच प्रसंग पुन्हा लावला आणि आजींनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. पण पाइप वरच बुजलेले होते. भिंत पुन्हा फोडावी लागली.

म्हणून पीओपीआधी सोफ्याची जागा नक्की करा, स्पीकरची वायर विजेच्या वायरपासून वेगळ्या पाइपातून न्या, टोकाला दोन-तीन फूट जास्त सोडा. जाणकाराला हॉल प्रत्यक्ष दाखवा. बीम किंवा कॉलमला हात लावायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

दुकानदार म्हणतो, सबवूफर कुठेही ठेवा, बास सगळीकडे सारखाच.

अर्धसत्य आहे. साधारण ८० हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, पण खोलीत तो सारखा पसरत नाही. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीशी फुगतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. सबवूफर सोफ्यावर ठेवा, बास असलेलं एकच गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. बास जिथे स्वच्छ वाटेल, तिथे सबवूफर ठेवा. खालच्या मजल्यावर हादरे जात असतील, तर तज्ज्ञाला बोलवा.

खोक्यावर ३००० वॉट पीएमपीओ लिहिलंय. आमच्या हॉलला पुरेल?

तो आकडा विसरा, पीएमपीओ म्हणजे क्षणभराची फुगवून सांगितलेली ताकद. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा, आणि ते दुकानदार सांगत नसेल तर घेऊ नका.

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तर?

काढून टाका. बासला त्यांचा उपयोग नाही आणि ते पेट घेतात. जाड पडदे, सतरंजी, भरलेलं पुस्तकांचं कपाट यांनी आवाजाचा खणखणाट कमी होईल. तरीही घुमत असेल, तर आवाज शोषणारी पॅनेल घेण्याआधी खोलीतला आवाज मोजून घ्या.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे.

दीड-दोन फूट पुढे ओढा. आजच.