दिवसभर बोलते, तरी एकटं का वाटतं?

नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशात गेलेल्या आणि तिथून ऑनलाइन इंग्लिश शिकवणाऱ्या मुलींकडून एक प्रश्न मला समुपदेशक म्हणून वारंवार येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडच्या मुली विचारतात. दिवसभर माणसांशी बोलते तरी एकटं वाटतं, मग माझं इंग्लिशच कच्चं आहे का, की मी इथं राहायच्या लायकीची नाही, परत येऊ का? उत्तर म्हणून एक केस सांगते. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ही खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात कॉलेज, बीएड आणि इथल्याच एका इंग्लिश मीडियम शाळेत नोकरी. नवरा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन डिझाइनचं काम करायचा, तो जपानला गेला, मागोमाग ही डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. माझ्याकडे पहिल्यांदा तिची आई आली, म्हणाली, "मॅडम, पोरगी फोनवर बोलूलालीय खरं मन लागंना झालंय तिचं." मी म्हटलं, मावशी, तिलाच बोलू दे माझ्याशी, तिची इच्छा असली तर. मग व्हिडिओवर सेशन सुरू झाले.

ती आल्या आल्या ॲक्सेंटवर. जाहिरातीत नेटिव्ह स्पीकर, म्हणजे इंग्लिश जन्मभाषा असलेलाच पाहिजे असं लिहितात, एका विद्यार्थ्यानं रेटिंग कमी दिलं, दुसऱ्यानं पुढचा क्लास बुकच केला नाही, मी प्रश्न विचारते आणि समोरचा नुसता गप्प बसतो, म्हणजे माझं त्याला कळतच नाही. मी आधी झोप, भूक, रडू येतं का, जगणं नको वाटतं का हे सगळं नीट विचारून घेतलं. कारण उदासी दोन आठवड्यांच्या वर रोजच्या रोज टिकून असेल, कशातच मन लागत नसेल तर आधी डॉक्टर, नुसत्या गप्पांवर ते ढकलायचं नाही. तिचं तिथवर गेलं नव्हतं. पण झोप पार बिघडली होती.

मग तिला आठवड्याचा तक्ता करायला लावला: जागेपणीचा प्रत्येक तास, कोणाशी बोललीस, कुठल्या भाषेत आणि ते माणूस त्याच खोलीत होतं का. तक्ता पाहून तीच गप्प झाली. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे इकडची पोरं संध्याकाळी साडेपाचला क्लासला बसली की तिथं रात्रीचे नऊ, आणि तिथले नोकरदार विद्यार्थीही ऑफिस सुटल्यावरच मोकळे होणार, त्यामुळं नवरा घरी यायचा तेव्हा ही दार लावून शिकवत असायची आणि सकाळी तो गेल्यावर उठायची. नवरा आणि दुकानातली कॅशियर सोडली तर प्रत्यक्ष समोर असलेल्या कुठल्याच माणसाशी तिचं बोलणं झालेलं नव्हतं. शिकवताना जे बोलतो ते दुसऱ्यासाठी असतं, त्यात आपलं काही सांगून होत नाही, आणि मला वाटतं खरी पोकळी तिथंच होती. इंग्लिशला दोष देणं तिला सोपं पडत होतं, कारण इंग्लिश सुधारता येतं.

ॲक्सेंटचं मी टाळलं नाही. काही कंपन्या ठरावीक देशांचेच पासपोर्ट मागतात हे खरं आहे आणि ते अन्यायाचं आहे, तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. पण जगात इंग्लिश बोलणाऱ्यांत ती जन्मभाषा नसलेलेच जास्त आहेत. आणि बेळगावचं पोर घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्लिश असं वाढतं, दुसरी भाषा शिकताना कुठं अडतं ते त्याला अंगातून माहीत असतं. शिकवणाऱ्याला ही केवढी मोठी शिदोरी आहे!

विद्यार्थ्यांच्या गप्प बसण्याचं मात्र वेगळं निघालं. आपल्याकडे वर्गात पोरगं गप्प म्हणजे समजलं नाही, नाहीतर अभ्यास नाही. तिथं बरेच जण वाक्य मनात पूर्ण जुळवून मगच तोंड उघडतात, चुकायचा संकोच मोठा, आणि ही घाबरून मधेच स्वतः उत्तर देऊन टाकायची. ठरवलं की प्रश्न चॅटमध्ये टाईप करायचा, एक घोट पाणी प्यायचं आणि थांबायचं. पुढच्या सेशनला म्हणाली, "अक्का, ते बोलले की!" मॅडमची अक्का झाले तेव्हा मला फार बरं वाटलं.

एक भीती उशिरा बाहेर आली. डिपेंडंट व्हिसावर तिथं कामाला वेगळी परवानगी लागते, साधारणपणे आठवड्याला २८ तासांपर्यंतच, आणि हिनं घरात बसूनच तर करतेय म्हणून काही विचारलंच नव्हतं. ही टांगती तलवार घेऊन झोप कशी लागणार? थेट इमिग्रेशन ऑफिसात जा, ऑनलाइन फ्रीलान्स आहे असं कामाचं स्वरूप सांगून विचार, आणि कागद हातात येईपर्यंत क्लास बंद ठेव, असं सांगितलं. तिनं तसंच केलं.

एका सेशनला नवऱ्यालाही बसवलं. सासूबाई फोनवर "घरात बसून काय ते काम" म्हणायच्या आणि तो ऐकून घ्यायचा. त्याला म्हटलं, आईला तू सांगायचं, हिनं नाही. त्यानं सांगितलं, थोडं अडखळत, पण सांगितलं.

परवानगी आल्यावर रात्री उशिराचे क्लास तिनं कमी केले, पैसेही कमी झाले, ते दोघांनी आधी बोलून ठरवलं होतं. जपानात बऱ्याच शहरांत स्वयंसेवक परदेशी लोकांना स्वस्तात जपानी शिकवतात, तसल्या वर्गाला ती जायला लागली. क्रियापद शेवटी येतं, मराठी-कन्नडसारखंच, त्यामुळं भाषेची भीती लवकर मोडली. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ह्यावरून शेजारच्या आजींशी ओळख झाली, आता त्या भाजी आणून देतात.

गणपतीत अजून रडते ती. परत यायचं की नाही ते दोघांनी पुढच्या व्हिसापर्यंत उघडं ठेवलंय, मीही त्यात ढकललं नाही. सध्या तिला इंग्लिश शिकवण्याचा १२० तासांचा सर्टिफिकेट कोर्स करायचाय. मी विचारलं, शिकवणं सुधारायला करतेस की पुन्हा स्वतःला लायक ठरवायला? ती म्हणाली, "दोन्ही, खरं पहिलं जास्त." मग कर म्हटलं, फक्त जपानीच्या वर्गाची वेळ त्याला देऊ नकोस.