भिक्षूंसारखी कविता लिहायची तर संसार सोडावा लागतो का?

प्रश्न : ताई, मी चाळीसगावचा. पावसाळ्यात पाटणादेवीवरून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे आमचं जाणं होतं, तिथे बसलं की वाटतं इथल्या भिक्षूंसारखं काहीतरी लिहावं, पण घरी येऊन लिहायला घेतलं की शांतता, मौन, ध्यान हेच शब्द येतात आणि कविता पोकळ वाटते. यासाठी सगळं सोडूनच बसावं लागतं का? आणि ते स्वतः काय लिहायचे?

उत्तर : लिहायचे नाहीत, म्हणायचे, आणि पुढच्यांनी ते तोंडपाठ करून जपलं, लिहून ठेवणं फार नंतरचं. थेरगाथा आणि थेरीगाथा हे पाली भाषेतले जुने बौद्ध कवितासंग्रह, थेरगाथेत भिक्षूंची 264 कवनं आहेत आणि थेरीगाथेत भिक्षुणींची 73. थेरगाथेतली पहिलीच गाथा सुभूती नावाच्या भिक्षूची, तो म्हणतो माझी झोपडी शाकारलेली आहे, वारा आत येत नाही, आता पावसा तू खुशाल पड. मन स्थिर झालंय हेही तो सांगतो पण नंतर, आधी छप्पर! मला हे फार म्हणजे फार आवडतं.

त्यातल्याच बुद्धाच्या शिष्याच्या, महाकाश्यपाच्या गाथा तर तुम्ही वाचाच. म्हातारपणी भिक्षा घेऊन परत डोंगर चढणारा हा माणूस, आणि त्याला दिसतं काय तर पाण्यातल्या शेवाळाने झाकलेले खडक, मृगाचे लाल मखमली किडे, मोरांचा आवाज, आणि डोंगर कसे तर जवसाच्या फुलांसारखे निळे. आपल्याकडे ज्याने जवसाचं शेत फुललेलं बघितलंय त्याला तो रंग लगेच कळेल.

हे त्यांना दिसलं कारण ते एका जागी राहायचे. एरवी गावोगाव फिरणारे भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने मुक्काम हलवत नसत, तोच वर्षावास. रोज तीच वाट, तेच झाड, तोच ओढा, मग ओढ्याचं पाणी कालच्यापेक्षा किती चढलं ते आपोआप कळतं. तुम्ही रविवारी जाता, फोटो काढता आणि संध्याकाळी घरी, मग हातात शांतता हा शब्दच उरणार ना.

संसार सोडायचं म्हणाल तर आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी काय सोडलं होतं? जातं, शेत, घर सगळं करता करता ओव्या रचल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं तरी. त्यांचंही रोजचं तेच काम आणि तीच माती होती, म्हणून मला त्या या भिक्षूंच्या अगदी जवळच्या वाटतात.

तर पितळखोरं राहू द्या थोडे दिवस. घराजवळचा एक निंब नाहीतर शेताचा बांध धरा, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज एकाच वेळी तिथे जा आणि दोनच ओळी लिहा, फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच. मन हा शब्द सुद्धा नको. आश्विनात त्यातल्या बऱ्या वाटतील त्या ओळी मला पाठवा, मी नक्की वाचेन.