टाच दुखतेय, पण चौदाशे डॉलरचा आर्च सपोर्ट?

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, फार्मसीत दिवसभर उभ्याने काम. हिवाळ्यापासून डावी टाच दुखतेय, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की जीवच जातो, मग चार पावलं चाललं की जरा बरं. मॉलजवळच्या एका दुकानात फुकट फिटिंग होतं म्हणून गेले, त्यांनी पायाचे ठसे घेतले, एका पायावर उभं करून हात आडवा धरायला लावला आणि वरून दाबला तर मी कलंडले, मग त्यांच्या आर्च सपोर्टवर (बुटात घालायचा, तळव्याच्या कमानीला आधार देणारा इनसोल) उभं करून परत दाबला तर हललेच नाही! तीन जोड्यांचे मिळून चौदाशे डॉलर. तेव्हा भारी वाटलं. आता तळव्याच्या मध्ये टोचतंय, दुकान म्हणतं सवय होईल, पैसे परत नाहीत, हवं तर बदलून घ्या. मैत्रिणीला मात्र त्याच दुकानाचा गुण आलाय. नवरा म्हणतो फसलीस. काय खरं?

उत्तर : मैत्रीण खोटं बोलत नाहीये आणि नवराही अगदीच चूक नाही. तुम्ही सांगताय ती पहिल्या पावलाची कळ बहुतेक प्लँटार फॅसायटिसची. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टी जाते, ती टाचेच्या हाडाला जिथे चिकटते तिथे दुखावते, रात्रभरात आखडते आणि सकाळी एकदम ताणली जाते. आता गंमत अशी की हे दुखणं बहुतेकांचं वर्षभरात आपोआपच कमी होतं, त्यामुळे आठ महिने सोसून वैतागून कोणी हजार डॉलर घातले आणि दोन महिन्यांत पाय बरा झाला की सगळं श्रेय इनसोलला!

इनसोल अगदीच कुचकामी नसतो हं. ऑस्ट्रेलियात 135 जणांवर झालेला एक अभ्यास 2006 साली छापून आला, काहींना नुसता मऊ फोमचा खोटा इनसोल, काहींना रेडीमेड, काहींना पायाच्या मापाने बनवलेला. तीन महिन्यांनी खऱ्या इनसोलवाल्यांचं चालणं-फिरणं थोडं सुधारलं, वर्षाने तिन्ही गट सारखेच, आणि रेडीमेड नि मापाचा यात फरक नाहीच. दुकानातले बरेचसे साइजप्रमाणे तयारच असतात. मग तीस-चाळीस डॉलरचा का नाही आधी?

हात दाबायची ती टेस्ट मला अजिबात पटत नाही. दुसऱ्या वेळी आपण आधीच सावध असतो आणि दाबणाऱ्याने जरा आतल्या बाजूने दाबलं की माणूस हलत नाही, खाली पुठ्ठा ठेवला तरी हेच होईल.

पैशांचं म्हणाल तर अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनचा तीन दिवसांत खरेदी रद्द करू देणारा कूलिंग-ऑफ नियम घरी येऊन किंवा तात्पुरत्या स्टॉलवर विकलेल्या मालाला लागतो, कायमच्या दुकानाला नाही. पण न्यू जर्सीत दुकानदाराला परतीचे नियम ग्राहकाला दिसतील असे लावावे लागतात. लावले होते का ते बघा, नसतील तर राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रार करा. एचएसए (औषधोपचाराच्या खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) कार्डातून दिले असतील तर पावती जपून ठेवा.

आता व्यायाम, आणि हा फुकट आहे. सकाळी पाय जमिनीला टेकायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढून धरा, अंगठ्याने चाचपलं तर तळव्याची पट्टी तारेसारखी ताणलेली लागेल. दहा सेकंद धरा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात लावून पोटरीचा ताणही घ्या.

अजून एक, आपल्याकडे चपला-बूट दारातच निघतात, मग तो महागडा आर्च सपोर्ट शू रॅकवर आणि आपण लाकडी फ्लोअरवर अनवाणी पोळ्या लाटत उभ्या! घरात घालायला जाड तळाची वेगळी स्लिपर घ्या. टोचणारा इनसोल सवयीच्या नावाखाली सोसू नका. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर पोडिएट्रिस्टकडे, म्हणजे पायाच्या डॉक्टरकडे जा, आणि टाच सुजली किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल तर लगेच.

प्रश्न : भाऊ टेक्सासहून आईसाठी असलेच कडक प्लॅस्टिकचे आर्च सपोर्ट पाठवतोय. आईला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, पाय बधिर असतात. घालू द्यावेत का? (ठाणे)

उत्तर : नको. बधिर पायाला टोचलेलं कळत नाही, फोड येतो, त्याची जखम होते आणि ती लवकर भरत नाही. आधी डायबेटिसच्या डॉक्टरांना पाय दाखवा, ते मऊ एमसीआरची (एक प्रकारच्या मऊ रबराची) चप्पल सांगतील कदाचित. रोज रात्री आईचे तळवे उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. आणि भावाला आजच फोन करा, पार्सल निघालं नसेल अजून.