पट्टा बांधू की पडून राहू?

प्रश्न : वय २८, दिवसभर लॅपटॉपवर काम. चार महिने कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये डिस्क (मणक्यांमधली गादी) किंचित फुगलेली दिसली. सुट्टीत पडूनच असते. पट्टा बांधू का?

उत्तर : पट्ट्याचा फारसा उपयोग नाही. डिस्कचा असा फुगवटा कंबर न दुखणाऱ्यांच्याही एमआरआयमध्ये सर्रास दिसतो. तो रिपोर्ट एकदाचा फाईलला लावून टाका. पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते. रोज चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीइतकंच असेल, तर पाच मिनिटं वाढवा. फोन उभ्यानेच घ्या. महागड्या खुर्चीची घाई नको, तीतही माणूस तासन्‌तास बसतोच! मात्र पाऊल उचलेनासं झालं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.