निर्बंध लादूनही युद्ध का थांबले नाही?

प्रश्न : रशियन आणि युक्रेनियन लोक मुळात एकच, असे रशिया म्हणतो. मग युक्रेनचा प्रतिकार इतका चिवट कसा? आणि एवढे निर्बंध लादूनही रशिया नमला का नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पुतिन यांनी हा दावा जुलै २०२१ मध्ये एका दीर्घ लेखातून मांडला होता. कीव्हच्या प्राचीन राज्यात दोघेही आपला उगम शोधतात आणि दोन्हीकडे ऑर्थोडॉक्स पंथीयांची बहुसंख्या आहे, हे खरेच. परंतु युक्रेनियन ही जर निव्वळ रशियनची बोली होती, तर १८७६ साली झारला तिच्यातील पुस्तकांच्या छपाईवर बंदी घालावी का लागली? १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला, आणि ज्या दोनेत्स्क व लुहान्स्कमधील रशियन भाषकांच्या रक्षणाचे कारण आज पुढे केले जाते, तेथेही तो ८० टक्क्यांच्या वर होता. क्रिमियात मात्र तो जेमतेम ५४ टक्के होता. खुद्द झेलेन्स्की यांची मातृभाषा रशियन आहे. सीमेलगतच्या खार्किव्हमध्ये घरोघरी रशियन बोलली जाते, तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये शहरात घुसलेल्या रशियन तुकड्यांना तेथून हुसकावून लावण्यात आले; पुढे त्याच शहरातील मुलांचे वर्ग भुयारी मेट्रोच्या स्थानकांत भरू लागले.

निर्बंधांकडून मुळात अपेक्षाच अवास्तव होती, असे माझे मत आहे. रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली गेली आणि रूबल सावरण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेला व्याजदर एका झटक्यात २० टक्क्यांवर न्यावा लागला, म्हणजे घाव वर्मी बसला होता. पण तेलाच्या विक्रीतून पैसा येतच राहिला. पिंपाला ६० डॉलरहून अधिक दर घेतल्यास पाश्चात्त्य जहाजे आणि विमा मिळणार नाही, असा नियम डिसेंबर २०२२ मध्ये झाला, तेव्हा रशियाने मालकीचा पत्ता लागू नये अशा जुनाट टँकरांचा ताफाच उभा केला. युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेला, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर शुद्ध झालेले डिझेल पुन्हा युरोपात पोहोचले. याहून नवल म्हणजे रशियाचा वायू २०२४ अखेरपर्यंत युक्रेनमधल्याच नळांतून युरोपला जात होता आणि त्याचे वाहतूक शुल्क युक्रेनला मिळत होते! निर्बंधांनी युद्ध महाग होते, सुटे भाग दुर्मीळ होतात. सत्ताधाऱ्याचा हट्ट त्यामुळे सुटेलच असे नाही. पोखरणनंतर १९९८ मध्ये आपल्यावरही निर्बंध आले होते, पण भारताने अण्वस्त्रे सोडली नाहीत.

प्रश्न : युक्रेनने अण्वस्त्रे दिली नसती, तर हल्ला टळला असता का? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : सांगणे कठीण आहे, कारण सोव्हिएत काळापासून मागे राहिलेली ती अस्त्रे युक्रेनच्या भूमीवर असली तरी ती डागण्याचे नियंत्रण मॉस्कोकडे होते. ती सोडण्याच्या बदल्यात १९९४ च्या बुडापेस्ट करारात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनच्या सीमांचा आदर राखण्याचे आश्वासन दिले, मात्र सैन्य पाठवण्याचे बंधन कोणावरही घातले नाही. अण्वस्त्रांनिशी आक्रमण झाल्यास सुरक्षा परिषदेकडून मदत मिळवून देऊ, एवढाच शब्द होता, आणि त्या परिषदेत नकाराधिकार असलेल्या पाच देशांपैकी एक रशिया आहे.