फळ ओढू नका, उचला

(वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. फळबागेत येणाऱ्यांना तोडणी शिकवण्यात लेखिकेची बरीच वर्षं गेली आहेत.)

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही घरातले सहा जण दिवसभरासाठी एका बागेत गेलो होतो. आपल्या हातानं फळं तोडायची आणि वजन करून घरी न्यायची, अशी ती बाग. स्ट्रॉबेरी आणि चेरी तोडल्या. संध्याकाळी घरी येऊन पिशवी उघडली तर तळाशी स्ट्रॉबेरीचा लगदा. अर्धवट लाल असलेली फळं घरी पिकतील म्हणून ठेवली, ती शेवटपर्यंत आंबटच राहिली. शिवाय चेरी तोडताना माझ्या आठ वर्षांच्या मुलाकडून फांदी मोडली, त्यावर बागवाले त्याला खूप बोलले. तो अजून ते विसरलेला नाही. या वर्षी पुन्हा जायचं आहे. आमचं नेमकं काय चुकलं?

उत्तर : ताई, पिशवीचं नंतर सांगते, आधी मुलाचं. तो चुकला नाही, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. चेरीचं झाड नीट बघायला दोन मिनिटं पुरतात, आणि ती दोन मिनिटं देणं हे बागेतल्या माणसाचं काम आहे. मी तोडणीच्या दिवसांत चेरीच्या फांदीचा मोडलेला एक तुकडा खिशात घेऊनच फिरायचे. मुलं आली की आधी तो त्यांच्या तळहातावर ठेवायचे.

गोड चेरी बहुतेक आखूड, सुरकुतलेल्या गाठींवर लागते. बोटाच्या पेराएवढी गाठ, तिच्याभोवती पानांचा झुबका आणि त्यातून खाली सुटलेले चार-पाच लांब देठ. त्याच पानांच्या बेचक्यात इवलेसे तांबूस कोंब असतात, तांदळाच्या दाण्याहून फार मोठे नाहीत. पुढच्या वर्षीची फुलं त्यांतून येणार असतात. एकेक गाठ अशी कितीतरी वर्षं फळ देत राहते. घड मुठीत धरून खाली हिसकला, की ती गाठ सालीसकट निघून येते. त्या जागी पुढच्या वर्षी फळ धरत नाही आणि झाडाला जखम राहते ती वेगळीच. बागवाल्यांचा जीव तुटला असणार तो यामुळे. मुलावर ओरडण्याचं समर्थन मात्र मी करणार नाही.

या वेळी त्याला असं शिकवा. फळाला हातच लावायचा नाही. देठ जिथे गाठीला चिकटतो, तिथे तो चिमटीत धरायचा, किंचित पिळायचा आणि वरच्या बाजूला उचलायचा. बारीकसा ‘टक’ आवाज येतो आणि देठासकट चेरी हातात येते. देठ फळालाच राहू द्या. तो उपटला की तिथल्या भोकातून रस पाझरतो आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. आठ वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं. मोठी माणसं घाई करतात, मुलं एकेक फळ मन लावून तोडतात, हे मी नेहमी पाहत आले आहे.

आता आंबट राहिलेल्या स्ट्रॉबेरी. काही फळं तोडल्यावरही पिकतात. आंबा पाडाला आला की उतरवतो, आढीत घालतो आणि तो पिकतो. केळी, पीच, पेअर, सफरचंद ही याच जातकुळीतली. इथिलीन नावाचा वायू ती स्वतःच सोडतात आणि त्यानं पिकण्याला वेग येतो. पिकणारी सफरचंदं हा वायू बाहेर टाकतात, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं. स्ट्रॉबेरी, चेरी, द्राक्षं, संत्री यांचं तसं नाही. त्यांच्यात साखर भरते ती झाडावर असेपर्यंतच. तोडलेली स्ट्रॉबेरी खोलीत ठेवली तर थोडी लाल होईल, मऊही पडेल, पण गोडी वाढणार नाही. म्हणून तोडण्याआधी फळ उलटून बघा. पानांच्या टोपीखाली खांद्याशी पांढरं दिसत असेल तर त्याला अजून एक-दोन दिवस लागतील. ते पुढे येणाऱ्या माणसासाठी राहू द्या.

आणि लगदा झाला तो पिशवीमुळे. स्ट्रॉबेरीला साल अशी जवळजवळ नाहीच, वरच्या फळांचं ओझं खालच्यांना सोसत नाही. पसरट, उथळ डबे किंवा ट्रे न्या आणि थर चार बोटांपेक्षा जास्त चढवू नका. रास्पबेरी असेल तर एकच थर. स्ट्रॉबेरी तोडताना टोपी आणि थोडासा देठ फळाला ठेवून, देठ नखानं खुडा. दबलेलं फळ डब्यात टाकायचंच नाही. एक नासका आंबा आढी नासवतो तशी एका स्ट्रॉबेरीची बुरशी रात्रीतून शेजारच्या चारांना लागते. करडी, कापसासारखी बुरशी असते ती, ओलसर जागी झपाट्यानं पसरते. म्हणून घरी आल्या आल्या सगळी फळं धुऊन ठेवायची सवय सोडा. न धुता थंड जागी ठेवा आणि खायच्या वेळी, खायची तेवढीच धुवा.

सकाळी लवकर जा, हे मी सगळ्यांना अगदी आग्रहानं सांगते. दुपारी तोडलेलं फळ आतून तापलेलं असतं, ते मऊ लवकर पडतं. मग तेच बंद गाडीत उन्हात दोन तास राहिलं, तर डबे कितीही चांगले असोत, उपयोग नाही. तोडणी उरकली की सावलीत ठेवा, मधे कुठे थांबू नका. निघण्यापूर्वी बागेत फोन करून दोन गोष्टी विचारा : आज तोडण्याजोगं किती फळ आहे आणि शेवटची फवारणी कधी झाली. प्रत्येक औषधानंतर तोडणीपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात, त्याची नोंद नीट चालणाऱ्या बागेत असतेच. विचारण्यात संकोच नको.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात, शिडी चढणं शक्य नाही. नातवंडं सफरचंदाच्या बागेत चला म्हणून मागे लागली आहेत. मी नुसती बसून राहू का? आणि खाली पडलेली सफरचंदं उचलली तर चालतात का?

उत्तर : आजी, बसून कशाला राहता! फोन करताना एवढंच विचारा, की झाडं बुटक्या खुंटावरची आहेत का. सफरचंदाचं कलम ज्या खुंटावर बांधतात, तो झाडाची उंची ठरवतो. असे खुंट युरोपात पूर्वीपासून होते, पण नावांचा नुसता गोंधळ होता. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग या फळसंशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची वर्गवारी लावली. त्यातल्या एम-९ या खुंटावरचं झाड साधारण अडीच-तीन मीटरवर थांबतं. अशा ओळीत बरीचशी फळं जमिनीवर उभं राहूनच हाताला लागतात. वरची नातवंडांकडे सोपवा.

सफरचंद तोडायचं म्हणजे तळहात खालून लावायचा, फळ वर उचलायचं आणि हलकेच पिळायचं. तयार असेल तर देठासकट सुटतं. ओढावं लागलं, तर ते अजून तयार नाही. नुसत्या लाल रंगावर जाऊ नका, लाली उन्हानंही चढते. लालीच्या मधून दिसणारा मूळचा हिरवा रंग पिवळट झाला आहे का ते बघा. एक फळ कापून बघायची परवानगी मिळाली तर बिया पाहा. बहुतेक जातींत तयार फळाची बी तपकिरी झालेली असते.

त्याच बागेत पेअर असतील तर मात्र उलटं गणित आहे. पेअर झाडावर पिकू दिला तर गाभ्याकडून आधी मऊ होतो आणि वरून कळतही नाही. म्हणून तो कडक असतानाच उतरवतात. लटकलेलं फळ उचलून आडवं करा, देठ फांदीपासून सुटला तर तोडणीला आलं आहे. घरी देठाजवळ अंगठ्यानं दाबून बघत राहा, तिथे मऊ लागलं की खायला घ्या. नातवंडांना त्याच दिवशी खायचं असेल तर सफरचंदच द्या.

खाली पडलेली फळं न शिजवता खाऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. बागेत जनावरं, पक्षी वावरतात, त्यांच्या विष्ठेतले जंतू जमिनीवरच्या फळाला लागतात. फळ फुटलेलं असेल तर ते आतही शिरतात. सडलेल्या सफरचंदात बुरशीचं पॅट्युलिन हे विषही तयार होतं, ते उकळल्यानं पूर्ण जात नाही. शिवाय अशा फळांवर गांधीलमाश्या बसलेल्या असतात, त्यामुळे हात घालण्याआधी नीट बघा.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी विचारते, स्ट्रॉबेरीच्या बिया बाहेर का असतात?

उत्तर : तिला सांगा, त्या बिया नाहीत, प्रत्येक कण हे एकेक फळ आहे आणि बी त्याच्या आत आहे. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचं, ज्यावर फूल बसतं ते टोक, फुगलेलं. बागेत गेलात की भिंग न्या. काही कणांच्या टोकाला केसाएवढा वाळका धागा दिसेल. तो फुलात परागकण झेलणाऱ्या भागाचा उरलेला अंश. जिथे परागकण पोचत नाहीत तिथला गर फुगत नाही, म्हणून एखादी स्ट्रॉबेरी वेडीवाकडी होते. तशी एक शोधायला सांगा तिला.

मोठ्या स्ट्रॉबेरीची गोष्टही तिला आवडेल. फ्रेझिए नावाचा फ्रेंच माणूस १७१४ मध्ये चिलीतून मोठ्या फळांच्या जातीची रोपं जहाजावरून घेऊन आला. प्रवासात पाचच जगली, आणि त्या रोपांना फक्त मादी फुलं येत, त्यामुळे फळ धरेना. पुढे फ्रान्समध्ये उत्तर अमेरिकेतली दुसरी स्ट्रॉबेरी शेजारी लावली गेली, तेव्हा फळं धरली. त्या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली.

घरी आल्यावर चांगल्या पिकलेल्या फळाची पातळ चकती काढून वाळवा, वरचे कण चोळून सुटे करा आणि ओल्या मातीवर नुसते पसरा. माती वर टाकू नका, उगवायला उजेड लागतो. कोंब दिसायला काही आठवडे लागतील. संकराची रोपं असल्यामुळे फळ मूळच्यासारखंच येईल असं नाही. म्हणूनच बागेत रोपं करतात ती रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या लांब, बारीक फांद्यांपासून. एखादा रनर मुळं धरताना दिसला तर बागवाल्यांना विचारून तिला तो दाखवा.